हंय पाणी रवता

सड्यावर मी पहिल्यांदा गेले ती एप्रिलच्या अखेरीस. चपलेच्या तळातून कातळाची धग पायाला लागत होती. करवंदीच्या चार जाळ्या सोडल्या तर हिरवं असं काही नव्हतं. काळपट, खरबरीत जांभा पार कड्यापर्यंत पसरलेला, त्यापलीकडे समुद्राची फिकट पट्टी, आणि पायाशी कातळात कोरलेली माणसं, मासे, जनावरं. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी इथे वाकून बसलं होतं.

२०२२ मध्ये कोकण-गोव्यातल्या नऊ ठिकाणची कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यात सिंधुदुर्गातलं कुडोपी आहे. मालवण तालुक्यातल्या या गावाच्या सड्याकडेही आता गाड्या वळू लागल्या होत्या, म्हणून गावाला एक वास्तू हवी होती. पाहुण्यांना टेकायला जागा, माहितीचं छोटं दालन, बचत गटाच्या बायकांना आमसुलं आणि कोकम सरबत विकायला ओटा. पाहुणे नसतील तेव्हा गावाची बैठक, भजन, दशावताराची तालीम.

जागा मी तिथेच, उभ्याउभ्या निवडली. सड्याच्या मधोमध, समुद्र दिसेल अशी. सातबाऱ्यावर तो तुकडा पोटखराबा होता, म्हणजे कागदाच्या लेखी तिथे बिघडण्यासारखं काही नव्हतंच. पुढच्या खेपेला फक्कीने आखणी करत होते, तेव्हा गुरांमागून आलेली एक आजी वाकून त्या रेघा बघत राहिली. म्हणाली, "बाये, हंय पाणी रवता. पावसात ये नि बघ."

रवता. राहतं. मालवणीत माणूसही रवता आणि पाणीही रवता.

जुलैत गेले. जिथे सभागृह येणार होतं तिथे घोटाभर पाणी होतं, इतकं नितळ की तळाच्या जांभ्याची छिद्रं मोजावीत. काठाला इंचभर मातीत सीतेची आसवं फुललेली, निळी-जांभळी, मधूनमधून गेंदाचे पांढरे ठिपके. मी उकिडवी बसले. तळहाताएवढ्या जागेत अकरा फुलं मोजली. या कातळात झाडाला पोसण्यासारखं फारसं काही नसतं, म्हणून सीतेच्या आसवांनी मातीत टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या पसरलेल्या असतात. पाण्यातले सूक्ष्म जीव त्या पिशव्या आत ओढून घेतात. जरा पुढे कोरलेल्या माशाच्या खाचांत पाणी भरलं होतं. एप्रिलमध्ये मला बोट धरून दाखवावा लागलेला तो मासा आता ढगांच्या उजेडात शेपटीपर्यंत लखलखत होता. मी त्यावर वाहनतळाचा रस्ता काढला नव्हता एवढंच. बाकी सगळं काढलं होतं.

जांभा पावसानेच केलेला दगड आहे. युगानुयुगांच्या पावसाने मूळ खडकातली सिलिका वाहून नेली, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलं. त्या लोहाचा गंज म्हणजे जांभ्याचा तांबडा रंग. आजही वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारं पाणी त्याच्या छिद्रांतून खाली उतरतं, खालच्या मऊ शेडीवर, म्हणजे चिकणमातीच्या थरावर अडतं आणि सड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतं. गावाच्या विहिरी नेमक्या तिथेच आहेत. पोटखराबा म्हणून नोंदलेली जमीन अख्ख्या गावाचं पिण्याचं पाणी सांभाळत होती, आणि माझ्या आराखड्यात शौचालयाचा शोषखड्डा बरोबर तिच्या डोक्यावर होता. त्या चौकोनाकडे बघून मला भर पावसात घाम फुटला. वास्तुरचनेच्या चर्चांत प्रकाशाबद्दल, अवकाशाबद्दल खूप बोललं जातं. पाहुण्यांसाठी बांधताना सगळ्यात जड प्रश्न मैलापाण्याचा असतो, असं मला आता मनापासून वाटतं.

त्या रात्री वास्तुकार जेफ्री बावा आठवले. श्रीलंकेत त्यांना सिगिरियाच्या प्राचीन शिळादुर्गाच्या पायथ्याशी हॉटेल बांधायला जागा दाखवली होती. त्यांनी ती नाकारली आणि कित्येक किलोमीटर दूर, कंदलामाच्या जुन्या तलावाकाठचा डोंगर निवडला. १९९४ मध्ये उघडलेल्या त्या इमारतीतून सिगिरिया लांबवर, पाण्यापलीकडे दिसतो. जे दाखवायचं त्याच्या अंगावर बसायचं नाही.

शिल्पांपासून आठ-दहा मिनिटांच्या चालीवर, उतरणीला, बंद पडलेली एक चिरेखाण होती. दीड पुरुष खोल. चिरा ताजा कापलेला असतो तेव्हा मऊ असतो, वारं-ऊन खाऊन घट्ट होतो. तशा खाणीच्या भिंतीही घट्ट झाल्या होत्या. त्यांवर यंत्राच्या पात्याचे अर्धगोल ओरखडे, एकाखाली एक. सड्याला जी जखम व्हायची ती इथे होऊन गेली होती. आम्ही तिच्यातच बांधायचं ठरवलं. छप्पर मंगळुरी कौलांचं, आढं सड्याच्या पातळीच्या वर येणार नाही असं, म्हणजे शिल्पांजवळ उभं राहिलं की इमारत दिसतच नाही. गाड्या गावात थांबतील, पाहुणा गडग्यांमधल्या पाणंदीने चालत येईल. शौचालय विहिरींच्या खालच्या अंगाला, पाणंदीच्या तोंडाशीच. गैरसोय होईल म्हणून कुरकुर झाली. मी हटले नाही.

बहुउद्देशीय हा शब्द कागदावर फार कोरडा दिसतो. आपल्या देवळांचे सभामंडप मात्र पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आलेत. तीन बाजूंनी उघडे, कडेने बसता येईल असा बुटका कठडा. तिथेच गावकी भरते, तिथेच भजन, तिथेच वाटसरूची झोप. म्हणून आम्ही खोल्या पाडल्याच नाहीत. एक लांब मंडप, कठडा, आणि वाऱ्याच्या बाजूला पावसाळ्यात चुडताच्या झापा बांधायला खुंट्या. दशावतारी तोंड रंगवतील तो कोपरा दुपारी सरबताचा.

राहिला प्रश्न जोत्याच्या उंचीचा, कारण खाणीत पाणी रवता. गेल्या पावसाळ्यात दर रविवारी गावातली मुलं खाणीच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला गेरूची रेघ ओढत होती. श्रावणात रेघा वर चढायच्या थांबल्या. सगळ्यात वरच्या रेघेवर हातभर सोडून मी जोतं धरलं आणि आजीला बोलावलं. ती काठी टेकत उतारावरून आली, भिंत निरखत राहिली, मग काठी उचलून आमच्या रेघेच्या बरंच वर, एका ओरखड्याच्या टोकाशी टेकवली. तिचा धाकटा झाला त्या वर्षी पाणी तिथवर होतं. मी मुलाच्या हातातून गेरू घेतला आणि काठीच्या टोकाशी नवी रेघ ओढली.