पट्टीच्या दोन कडा

कंपासपेटीतल्या पट्टीला दोन कडा असतात. एकीवर इंच, दुसरीवर सेंटिमीटर. शाळेत आम्ही समास आखायला एकच कड वापरली. दुसरी होती म्हणून होती. गुणोत्तर-प्रमाणाचा धडा फळ्यावरच चाले. ‘जर’ लिहायचं, ‘तर’ लिहायचं, तिरका गुणाकार, उत्तराखाली दोन रेघा. उत्तर बरोबर यायचं. का येतं, हे विचारायची रीत नव्हती.

ते कळलं धाटावला. रोह्याच्या त्या एमआयडीसीत रसायनांच्या कारखान्यात लागलो, तेव्हा उभ्या टाकीच्या काचनळीला लागून रंगवलेली पट्टी पाहिली. डावीकडे सेंटिमीटर, उजवीकडे लिटर. ५० समोर १,०००, १०० समोर २,०००. पाळीवरचा जुना ऑपरेटर सूत्रबित्र मांडत नसे. १३० ला किती? शंभरचे दोन हजार, तिसाचे सहाशे. बोट वर सरकवायचा नि २,६०० सांगून मोकळा व्हायचा. तिरक्या गुणाकारात कधी न दिसलेलं प्रमाण त्या बोटाखाली होतं. इकडे जितकी पट, तिकडेही तितकीच.

शेजारची टाकी आडवी. तिथे मात्र तोच माणूस भिंतीवरचा तक्ता बघे. आडवी नळकांडी टाकी पाव उंचीपर्यंत भरली तरी आत पाव माल नसतो, जेमतेम पाचवा हिस्सा असतो. थर्मामीटर आणखी लबाड. त्यावरही दोन मापं समोरासमोर, खुणाही सारख्या अंतरावर. पण २० सेल्सिअसला ६८ फॅरनहाइट आणि ४० ला १०४, १३६ नव्हे. दोन्हींची शून्यंच समोरासमोर नाहीत, मग पटी जुळणार कशा? माझं म्हणणं, गुणोत्तर शिकवताना आधी या तीन वस्तू पोरांपुढे ठेवाव्यात आणि सूत्र आठवडाभर लपवून ठेवावं.

पुढे निवांतपणी ‘लीलावती’ चाळली. भास्कराचार्यांचा ११५० सालचा ग्रंथ. त्रैराशिकाचं पहिलंच उदाहरण केशराचं: ३/७ निष्काला अडीच पळं, तर नऊ निष्कांना किती? आचार्यांची रीत म्हणजे फळाला (इथे अडीच) इच्छेनं (नऊ) गुणा, प्रमाणानं (३/७) भागा. मी कागदावर दोन समांतर रेघा ओढल्या. वर निष्क, खाली पळं, शून्याखाली शून्य. ३/७ खाली अडीच. सातपट गेलो: ३ निष्क, साडेसतरा पळं. आणखी तिप्पट: ९ निष्क, साडेबावन्न. छळणारा अपूर्णांक पहिल्याच उडीत गळाला.

आता नात असल्या दुहेरी संख्यारेषा सर्रास काढते. मध्यंतरी तिला गणित होतं: सहा माणसांना भातलावणीला चार दिवस, तर बारा माणसांना किती? तिनं सवयीनं रेघा ओढल्या, सहाखाली चार, बाराखाली आठ, आणि स्वतःच हसली. ‘आजोबा, माणसं वाढल्यावर लावणी लांबते होय?’ व्यस्त प्रमाणाला या रेघा चालत नाहीत. मग वहीत चोवीस चौकोन काढले: सहा माणसं चार दिवस. तेच चोवीस बारा-बाराच्या ओळींत मांडले, तर दोनच ओळी झाल्या. दोन दिवस.

बायको तांदूळ निवडत ऐकत होती. म्हणाली, ‘दोन दिवसांत होईल हो, पण लावणीला बारा माणसं आणणार कुठून? सगळी तुमच्या एमआयडीसीत.’