लेकीची पत्रकारिता आणि माझे शुद्धलेखन

बारावीचा निकाल लागला त्या रात्री जेवताना आमच्या लेकीने जाहीर केले, की तिला पत्रकारिता शिकायची आहे आणि तीही मणिपालला. हे २०२२ सालचे. यांच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. "बातमी लिहायला एवढे पैसे भरायचे?" एवढेच ते म्हणाले. मी नेहमीप्रमाणे उपदेश सुरू केला. आधी साधे बी.ए. कर, मग धारवाडच्या विद्यापीठात नाहीतर पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जा, तिथे काय कमी शिकवतात? तिचे उत्तर तयार होते. "आई, तीन वर्षं तुझ्यासारखं पुस्तकच वाचायचं, तर कॅमेरा कधी हातात घेऊ?"

अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्या कानडीतून मध्ये पडल्या, "होगली बिडु." त्यांच्यापुढे कुणाचे चालत नाही.

पैशांची जुळवाजुळव हा वेगळाच विषय. लेक शाळेत जायला लागल्यापासून तिच्या नावे पिग्मी चालू होती. बेळगावात पिग्मी ठाऊक नाही असे घर सापडणे कठीण. पण ही पद्धत कुठून आली, हे मला तिच्या ॲडमिशनच्या निमित्ताने समजले. डॉ. टी. एम. ए. पै यांच्या उडुपीच्या बँकेने १९२८ साली दारोदार जाऊन रोजचे दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली. तीच पुढे सिंडिकेट बँक झाली आणि २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. याच पैंनी १९५३ साली मणिपालच्या उजाड माळावर वैद्यकीय महाविद्यालय काढले आणि त्यातूनच आजचे खासगी विद्यापीठ वाढले. म्हणजे आमची पिग्मी फिरून माहेरीच गेली म्हणायची! अर्थात पिग्मीने पहिले वर्षच कसेबसे निभावले. बाकीच्यासाठी शैक्षणिक कर्ज काढले, त्याचे हप्ते आता सुरू आहेत.

तिथे तिला काय शिकवतात याची मला फार उत्सुकता. फोनवर मी वर्गातल्यासारखी उलटतपासणी घेई. ध्वनिमुद्रण, संकलन, छायाचित्रण, जाहिरात, माध्यमांचा इतिहास, बदनामीचा कायदा. सगळे इंग्रजीतून. बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'वर तिने एक असाइनमेंट केली. १८३२ सालचे ते पहिले मराठी पत्र, मराठी आणि इंग्रजी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी छापत असे. कन्नडचे पहिले पत्र 'मंगळूर समाचार' १८४३ साली मोग्लिंग नावाच्या जर्मन मिशनऱ्याने काढले, तेही मणिपालपासून जेमतेम दीड तासाच्या अंतरावर. हे तिने मला सांगितले तेव्हा, वीस वर्षे मराठी शिकवूनही शेजारच्या भाषेतले पहिले वर्तमानपत्र मला माहीत नव्हते याची थोडी लाज वाटली.

विद्यार्थ्यांना तिथे 'रेडिओ मणिपाल' या सामुदायिक केंद्रावर काम करता येते. एकदा कार्यक्रमासाठी त्यांचा गट गंगोळीच्या बंदरावर गेला. वर्गातली मुले दिल्ली, कोची, कोलकाता अशी कुठकुठची. तिथल्या खारवी बायका आपसात कोकणी बोलणाऱ्या. आमच्या लेकीचे कानडी पक्के, आणि मराठीच्या आधाराने कोकणीही निम्मी समजलेली. त्या दिवशी सगळा गट तिच्या मागे! रात्री फोनवर म्हणाली, "आई, आपल्या घरात दोन भाषा बोलतात हीच माझी डिग्री." मला कोण आनंद झाला. तो पुढे पुरता उतरायचा होता.

२०२४ च्या उन्हाळ्यात ती इंटर्नशिपसाठी बेळगावला आली. इथल्याच एका मराठी दैनिकात सहा आठवडे. तिला काम मिळाले ते कानडी प्रसिद्धिपत्रके मराठीत आणण्याचे. पोलीस, महापालिका, वीज कंपनी, सगळ्यांचे कागद कानडीत येतात आणि मराठी दैनिकाच्या टेबलावर ते पटकन वाचू शकणारी माणसे थोडी. तिचा भाव वधारला. एके रात्री तिने वडगावातल्या एका मागाच्या कारखान्यातील चोरीची बातमी घरून पाठवायला घेतली. पोलिसांच्या कागदात, आतल्याच कुणाचा 'कैवाड' असल्याचे 'अनुमान' आहे, असे होते. तिने लिहिले, "कारखान्यातीलच कामगाराचा हात असल्याचे पोलिसांचे अनुमान आहे." पाठवण्यापूर्वी मला दाखवले. मी चष्मा लावून दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, एक स्वल्पविराम काढला आणि "छान" म्हणाले.

अनुमान! आमच्याकडे धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी आहे असे ठरवणे, त्याला अनुमान म्हणतात. पुराव्यावरून तर्काने काढलेला निष्कर्ष. कानडीत मात्र अनुमान म्हणजे नुसता संशय. तिने कानडी शब्द उचलला, मी मराठी वाचला. कचेरीतल्या उपसंपादकाला कानडी येत नव्हते. त्याने मराठी अर्थाला धरून मथळा दिला, "चोर कारखान्यातलाच".

बातमीत कुणाचे नाव नव्हते. पण त्या कारखान्यात रात्रपाळीला एकच मुलगा असे, आणि हे साऱ्या गल्लीला ठाऊक. दुसऱ्या दिवशी मालकाने त्याला घरी बसवले. तिसऱ्या दिवशी त्याची आई विचारत विचारत आमच्या दारात आली. हातात वर्तमानपत्राची घडी. ओरडली नाही, रडलीही नाही. "पोलिसांनी आम्हाला नुसतं बोलावून विचारलं, बाई. मग पेपरात ठरलंय असं कसं आलं?" लेक आत जाऊन मूळ कागद घेऊन आली आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचायला लागली. वाचता वाचता थांबली. कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेल्या अत्तींना तिने विचारले, "अज्जी, अनुमान म्हणजे काय?"

"अनुमान अंद्र संशय, मत्तेन?" अत्ती मान वर न करता म्हणाल्या.

मी वीस वर्षांत वर्गात इतकी गप्प कधी बसले नसेन. बदनामीच्या कायद्याच्या पेपरात लेकीला उत्तम गुण होते, आणि माझी एम.ए.ची पदवी भिंतीवर होती.

त्याच दुपारी ती कचेरीत गेली आणि चूक आपली म्हणून सांगितले. मथळा तिचा नव्हता, हे मी तिला दोनदा सुचवले. तिने ऐकले नाही. दोन दिवसांनी आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा आला. मथळा पहिल्या पानावर होता, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. संध्याकाळी आम्ही दोघी तो अंक घेऊन वडगावला गेलो. त्या बाईंनी चहा दिला. मुलगा आतल्या खोलीत होता, बाहेर आला नाही. चोर पुढे सापडला, तो भलताच निघाला. मुलगा मात्र त्या कारखान्यात परत गेला नाही. आता एका गॅरेजमध्ये काम करतो.

लेकीला वाटले, हे सगळे इंटर्नशिपच्या अहवालात लिहू नये, गुण जातील. तिच्या मणिपालच्या शिक्षिकांनी मात्र तेच लिहायला लावले आणि वर्गात वाचायला सांगितले. मग वर्गात म्हणे तासभर गोंधळ. हैदराबादची तेलुगू मुलगी म्हणाली, आमच्याकडेही अनुमान म्हणजे संशयच. कोचीचा मुलगा माझ्या बाजूचा, मल्याळममध्ये तो तर्कच. लखनौच्या मुलाने सांगितले, की मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड हे कळल्यावर तो हबकलाच होता. या तासाची फी किती पडली याचा हिशेब मी केला नाही, पण ती वसूल झाली असे यांचेही मत पडले.

सुट्टीत येऊन तिने एक वही केली. दोन्ही भाषांत दिसायला एक आणि अर्थाने निराळे असे शब्द. अभ्यास, आपल्याकडे पुस्तक घेऊन बसणे, कानडीत सवय. अवकाश, आपल्याकडे वेळ लागणे, तिकडे संधी. प्रपंच, आपला चार भिंतींचा, त्यांचा अवघे जग. निम्मे शब्द अत्तींनी सांगितलेले, आणि त्यांना लिहिता येत नाही.

२०२५ मध्ये पदवी घेऊन ती बंगळूरला एका इंग्रजी बातमीसंस्थेत लागली. कानडी कागदांचे काम तिथेही तिच्याकडेच येते. रात्री उशिरा फोन वाजतो. "आई, कानडी बातमीत 'आग्रह' म्हटलं की नुसती विनंती, की ठासून केलेली मागणी?" मला उत्तर साधारण माहीत असते. तरी मी फोन अत्तींकडे देते.