आवाजाची कांटछांट

गेल्या पावसाळ्यांत आमच्या दिघीच्या घरीं एक वाद माजला, आणि तो राजकारणाचा नसून ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरचा होता, हें ऐकून वाचकांस नवल वाटेल. निमित्त एका कॅसेटचें. आमच्या मातोश्रींनीं सांगितलेली सोमवारची खुलभर दुधाची कहाणी १९८६ च्या श्रावणांत याच घरीं टेपवर घेतलेली होती. त्यांचा आवाज म्हणून आतां एवढाच काय तो उरला आहे. फितीवर खरखर फार. शिवाय मध्येंच लोहगांवच्या तळावरून उडालेलें एक विमान चांगलें पाऊण मिनिट डोक्यावरून जातें. दिघींत राहणारांस त्या आवाजाची ओळख करून द्यावयास नको.

फीत संगणकावर उतरवून घेतली, आणि ती स्वच्छ कशानें करावी यावर घरांत जितकीं माणसें तितकीं मतें निघालीं.

आम्ही ऑडॅसिटीच्या पक्षाचे. १९९९ सालीं अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत रॉजर डॅनेनबर्ग हे अध्यापक व डॉमिनिक मॅझोनी हा विद्यार्थी अशा दोघांनीं तें रचावयास घेतलें, पुढील वर्षीं लोकांस खुलें केलें, आणि आजहि तें फुकट मिळतें. गुरुशिष्यांनीं मिळून केलेल्या कामाविषयीं आमच्या पेशाच्या माणसास थोडा पक्षपात वाटला तर तो क्षम्य मानावा. चाकणच्या कारखान्यांत इंजिनिअर असलेल्या आमच्या भाच्यास मात्र तो मुळींच मान्य नाहीं. "मामा, हातोडी फुकट मिळाली म्हणून तिनें घड्याळ दुरुस्त करूं नये," असें तो म्हणाला. त्याचें दैवत अॅडोबी ऑडिशन. हें पूर्वींचें कूल एडिट. २००३ सालीं अॅडोबीनें तें घेतलें, आणि आज तें दरमहा वर्गणी भरून वापरावें लागतें. त्यांत आवाजाचें चित्र पडद्यावर उमटतें व नको तेवढा भाग कुंचल्यानें पुसल्यासारखा पुसतां येतो, हें भाच्याचें मुख्य प्रमेय. आमचा आक्षेप एवढाच, कीं आईचा आवाज भाड्याच्या घरांत कां ठेवावा?

भाच्याची मुलगी गाणें शिकते. तिनें रीपरचा कैवार घेतला. साठ दिवस वापरून पाहा आणि मग पैसे द्या असें तें म्हणतें. न दिले तरी बंद न पडतां रोज नम्रपणें आठवण करीत राहतें. हा सभ्यपणा आम्हांस आवडला. तिनेंच आमच्या वर्मावर बोट ठेवलें: २०२१ मध्यें ऑडॅसिटी म्यूझ ग्रुप या कंपनीकडे गेली, तेव्हां हें सॉफ्टवेअर आतां आपली माहिती गोळा करणार अशी ओरड झाली व कंपनीला आपल्या नोटिशीची भाषा बदलावी लागली. ज्या वस्तूस दमडी मोजली नाहीं तिच्यासाठीं माणसें किती हक्कानें भांडतात! आम्हीहि मनानें त्या ओरडणारांत होतों.

खरखर काढण्याची ऑडॅसिटीची युक्ति सोपी आहे. जेथें नुसती खरखरच आहे असा तुकडा प्रथम तिला दाखवावयाचा, म्हणजे तसल्या ध्वनीचा सर्वत्र शोध घेऊन ती तो कमी करते. हाव धरली तर बोलणारा पाण्याखालून बोलल्यासारखा वाटूं लागतो, म्हणून आम्हीं बेतानें घेतलें. विमानापुढें मात्र ही युक्ति चालेना. त्याचा सूर क्षणोक्षणीं बदलणारा. त्याचा नमुना तो काय द्यावा? भाचा मनांतल्या मनांत हंसत होता.

त्या ईर्ष्येंतच आमच्या हातून घात झाला. यादींत शांतता आंखडून टाकणारी एक सोय दिसली. वाक्यांमधील रिकाम्या जागा ती आपोआप अर्ध्या अर्ध्या सेकंदावर आणते. एकतीस मिनिटांची कहाणी सव्वीस मिनिटांत बसली, आणि आम्हीं ती त्याच नांवानें, पहिलीवरच उतरवून सॉफ्टवेअर बंद केलें. बंद केल्यावर मागें परतण्याची सोयहि संपते. कॅसेट पुन्हां लावली, तों यंत्रानें फीत आंत ओढून तिचा चोथा केला.

थोरली बहीण ऐकावयास आली. थोडा वेळ ऐकून म्हणाली, "अरे, आवाज आईचाच. पण आई इतक्या घाईंत कधीं बोलली?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. शेजारीं नभोवाणींतून निवृत्त झालेले एक वृद्ध स्नेही राहतात. त्यांच्या काळीं फीत ब्लेडनें तिरकी कापून चिकटपट्टीनें सांधीत. ते म्हणाले, "प्रोफेसर, कापलेला तुकडा कार्यक्रम लागेपर्यंत आम्ही गळ्यांत अडकवून ठेवीत असूं." बोलणें झोंबलें, पण खरें होतें.

आतां दर रविवारीं अक्का येते. तांदळाचे दाणे हातांत घेऊन आईपुढें बसण्याचीं तिचीं वर्षें आमच्याहून अधिक. आई कोठें थांबे तें तिला ठाऊक. ऑडॅसिटींत शांतता निर्माण करण्याचीहि सोय आहे. हवे तितके सेकंद सांगावयाचे. पण पहिली शांतता घालतांच अक्का दचकली. "टेप बंद पडली का रे?" संगणकाची शांतता अगदीं मेलेली असते, तींत ना खोली, ना खरखर. मग स्नेह्यांच्या सल्ल्यानें उरलेल्या अर्ध्या अर्ध्या सेकंदांचे तुकडे जोडून त्यांतली खरखर आम्ही भरूं लागलों. जी खरखर काढावयास निघालों, तीच आतां उसनी पुरेना.

एकच थांबा मूळचा सांपडला. विमान आलें तेव्हां आई बोलावयाची थांबली होती. त्या घरघराटास सॉफ्टवेअरनें शांतता मानलें नाहीं, म्हणून तो पाऊण मिनिट जसाच्या तसा राहिला. अगदीं शेवटीं, विमान दूर गेल्यावर, तिनें घेतलेला श्वासहि ऐकूं येतो. भाच्यानें कुंचल्याचा विषय पुन्हां काढलेला नाहीं.

म्हातारी अजून खुलभर दूध घेऊन देवळाच्या वाटेवरच आहे. डोळे मिटून अक्का म्हणते, "अजून थोडें," आणि आम्ही आणखी अर्धा सेकंद घालतों. गाभाऱ्यापर्यंत जावयास आणखी दोन रविवार तरी लागतील.