बीरशेवाचा लाल मे महिना

दिमोनाहून बीरशेवा जेमतेम ३५ किलोमीटर. बायबलातली अब्राहामाची बैरशेबा ती हीच. भारतातून पाहुणे आले की आम्ही त्यांना अब्राहामाची विहीर दाखवतो, तुर्कांनी १९०० साली वसवलेलं जुनं गाव दाखवतो, गुरुवार असला तर बेदुइनांचा बाजारही. पण मंडळी, २०१६ च्या मे महिन्यात ज्यांनी हे शहर पाहिलं नाही त्यांनी बीरशेवा पाहिलंच नाही, असं आमचं मत आहे!

कारण फुटबॉल. तसा आपल्या लोकांचा जीव क्रिकेटमध्ये. पण नेगेवमध्ये राहायचं आणि हपोएल बीरशेवाचं नाव घ्यायचं नाही हे जमण्यासारखं नाही. हा संघ १९४९ सालचा. १९७५ आणि १९७६ अशी लागोपाठ दोन वर्षं लीग जिंकली, आणि पुढे चाळीस वर्षं लीग काही हाती लागली नाही! २००५ साली तर खालच्या गटात घसरले, वर यायला २००९ उजाडलं. मधे २००७ साली अलोना बरकत या बाईंनी क्लब विकत घेतला तेव्हां आमच्याच ओळखीच्या बाप्यांनी नाकं मुरडली होती.

तेल अवीवकडे दक्षिणेला ‘पेरीफेरिया’ म्हणतात, म्हणजे कडेचा मुलुख. आपल्या कितीतरी वडीलधाऱ्यांना इथे आल्यावर याच कडेला घरं मिळाली. वाळू, वारा, आणि मुलांना शिकायला बाहेर पाठवायचं. म्हणून समोर मक्काबी तेल अवीव असला की इथे तो नुसता खेळ राहत नाही. त्यांनी सलग तीन वर्षं लीग जिंकलेली, शिवाय २०१५ च्या चषकाच्या अंतिम सामन्यात आमच्या संघाला ६-२ असं धुतलेलं. पुढच्या मोसमात आपण जिंकू असं कोण म्हणणार?

पण त्याच वर्षी सोळा हजारांचं नवं टर्नर स्टेडियम उघडलं, किर्यात श्मोनाहून बराक बखार प्रशिक्षक म्हणून आले, आणि बीरशेवाचाच मुलगा एल्यानीव बर्दा कप्तान होता. एन्वाकाएमे नावाचा नायजेरियन गडी असा पळायचा की आमच्या घरातल्या आजीसुद्धा “अगो बाई, गेला बघ!” म्हणायच्या. बाकी तिला ऑफसाईड काय ते शेवटपर्यंत कळलं नाही.

२१ मे, शेवटची फेरी, समोर सख्नीन. ३-१! हपोएलचे ८३ गुण, मक्काबीचे ८१. दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम बसने बीरशेवाला गेलो. गॅलऱ्यांतून लाल झेंडे, गाड्यांचे भोंगे, आणि संघाचं लाडकं नाव ‘उंट’ म्हणून पोरांच्या हातात कापडी उंट. एक म्हातारे मोरोक्कन गृहस्थ बाकावर बसून रडत होते. “बाबा नाहीत पाहायला,” एवढंच म्हणाले. आमच्यातल्या दोघांनी तोंडं फिरवली. त्यांचेही वडील १९७६ साली गॅलरीत उभे होते.

पुढे गंमत अशी की त्याच वर्षी सप्टेंबरात या उंटांनी मिलानमध्ये जाऊन इंटरला २-० हरवलं! नोव्हेंबरात तेच इंटर टर्नरवर ०-२ ने पुढे होते, आणि बेन सहारने जादा वेळेत तिसरा गोल मारून ३-२ केले. त्या रात्री दिमोनाची शेवटची बस निघून गेली, आणि आम्ही सातजण एका टॅक्सीत कोंबून घरी आलो. टॅक्सीवाल्याने पैसे कमी घेतले.