हातभर अंतर

नरकचतुर्दशीची पहाट म्हटली, की इतरांना उटण्याचा वास आठवतो. मला जळक्या लाकडाचा आठवतो.

आमचे मेढ्याचे घर वेण्णेकाठी, कौलारू. पावसाळ्यात सरपण वाळत नसे आणि धुराने आईचे डोळे कोरडे राहत नसत. 1983 साली सरकारने सुधारित चुलींचा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला. 1987 साली आबांनीही मोठ्या हौसेने निर्धूर चूल बसवून घेतली. तिचे पत्र्याचे धुराडे दोन वाशांमधून थेट कौलांबाहेर गेले. नळात आणि वाशात जेमतेम बोटभर अंतर. आबा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने ते दाखवीत. आजी तेवढी म्हणे, "आरं, वासा काळा पडाय लागलाय."

"काजळी आहे ती, आई. तुला काय कळतंय त्यातलं!"

1991च्या दिवाळीत पहाटे तीनपासून हंड्यामागून हंडे तापले. मी उटणे लावून पाटावर बसलो, तोच आजी ओरडली, "वासा धुमसतोय!" आबा शिडीवर चढले. माझ्या अभ्यंगाचे पाणी त्या दिवशी वाशाला घडले!

पाडव्याला आबांनी सुतार बोलावला. आजीच्या कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत सुतळी धरली, वर चार बोटे सोडली आणि तेवढे अंतर राखून दोन्ही वासे कापवून आडव्या लाकडावर टेकवले. चुकलो, असे ते म्हणाले नाहीत. आजीनेही ते म्हणवून घेतले नाही.

पुढे मास्तरकी करताना कारण वाचनात आले. लाकूड एरवी अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास पेटते. पण वर्षानुवर्षे धग सोसली, की ते कोळशासारखे होत जाते आणि मग त्याहून कमी उष्णताही त्याला पुरते. चार वर्षे काही घडले नाही, हा आमचा भरवसा होता. खरे तर ती पेटण्याचीच तयारी चालली होती. त्यात नळातली काजळी पेटली, तर नळ लालबुंद होतो. म्हणूनच अमेरिकेतल्या नियमावलीत एकेरी पत्र्याचा नळ आणि लाकूड यांत 18 इंच अंतर सांगितले आहे. जागा कमी असेल, तर मध्ये पत्रा लावावा. पण लाकडाला चिकटवून नव्हे, मागून वारा खेळेल असा.

अठरा इंच म्हणजे एक हात. हे वाचले तेव्हा आजी राहिली नव्हती. घरी जाऊन मी आबांना सांगितले. ते वर वाशांकडे पाहत बराच वेळ बसले, मग म्हणाले, "आईचा हात जरा आखूडच होता. बरं झालं, चार बोटं जास्त सोडली."