भरतीच्या भाड्याने

काशीगावात राहणाऱ्या माणसाला आपण बेटावर राहतो असं सहसा वाटत नाही. वाटावं तरी कशावरून? एका अंगाला महामार्ग, त्यावर रात्रंदिवस गुजरातकडे जाणारे ट्रक. काशीमीरा नाक्यावरची कोंडी आमच्या रोजच्या बोलण्यात हवेसारखी असते. डोक्यावर आता मेट्रोचा पूल. २०२५च्या मे महिन्यात दहिसर ते काशीगाव अशी पहिली चाचणी गाडी धावली. आम्ही आमचं गाव रस्त्यांवरून ओळखतो. पत्ता सांगताना पूल, पेट्रोल पंप, सिग्नल सांगतो. पाणी कुणी सांगत नाही.

आणि तरीही उत्तरेकडे जायचं तर आम्हाला पाणी ओलांडावंच लागतं. वसईच्या खाडीवरचा वरसावे पूल दुरुस्तीला निघाला की अख्खा परिसर तासन्‌तास जागच्या जागी उभा राहतो. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, पश्चिमेला समुद्र. साष्टी बेटाच्या अगदी वरच्या टोकाशी आपलं घर आहे, हे आम्हाला पूल बंद पडल्यावर तेवढं आठवतं.

मला हे पाणी पुलावरून नको होतं, पाण्यावरून पाहायचं होतं. एक छोटी नाव, आपल्यापुरती, आपण म्हणू तिथे वळणारी. ही इच्छा मनात घातली ती माझ्या भाच्याने. तो नोकरीनिमित्त ॲमस्टरडॅमला असतो. तिथे विजेवर चालणारी लहान होडी तासावर भाड्याने मिळते, परवाना लागत नाही, सुकाणू स्वतःच्या हातात. त्याने चित्रफीत पाठवली होती. सतराव्या शतकात खोदलेले ते कालवे, दोन्ही काठांवर पाण्याकडे तोंड करून उभी घरं. २०१० मध्ये युनेस्कोने त्या कालव्यांना जागतिक वारसा म्हटलं. मला मात्र त्या चित्रफितीत सुंदर घरांपेक्षा दुसरंच काहीतरी खुपत राहिलं. पाणी हलत नव्हतं. पुढे कळलं की तिथे समुद्र झडपांनी आणि बांधांनी बाहेर थोपवून धरला आहे, आणि कालव्यांची पातळी माणसं राखतात. म्हणून सकाळी दहाला घ्या की संध्याकाळी पाचला, होडी तीच आणि पाणीही तेच.

आमच्याकडे तसं नाही. भाईंदर पश्चिमेच्या बंदरावर मी पहिल्यांदा चौकशीला गेले तेव्हा मला एवढंही ठाऊक नव्हतं की प्रश्न कुठून सुरू करायचा. मी विचारलं, तासाचे किती? नाखवा जाळं नीट करत बसले होते. मान वर करून म्हणाले, "तास नाय ताई, भरती सांगा. कुठची तिथ धरायची?"

किनाऱ्यावरच्या माणसांना हे गणित शिकवावं लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि पुनवेला-अवसेला सव्वाअकराच्या सुमारास. ही खाडीच्या मुखाशी पूर्ण भरतीची वेळ. आत खाडीत पाणी चढायला आणखी वेळ लागतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे चढणंही थोडं आणि उतरणंही थोडं. पुनवेकडे आणि अवसेकडे उधाण. पंचांग घरात भिंतीवर असतं, पण ते आम्ही चतुर्थीचा उपास कधी आणि संक्रांत कधी एवढ्यासाठी पाहतो. त्याच पानावर खाडीचं वेळापत्रकही आहे हे कळल्यावर मी त्या रात्री कितीतरी वेळ ते पान वाचत बसले.

मार्गशीर्षातली त्रयोदशी ठरली. पावणेदहाची भरती. सकाळी सातला निघायचं, चढत्या पाण्याबरोबर वर घोडबंदरपर्यंत जायचं, पाणी भरलं की थांबायचं आणि ओहोटीबरोबर परत यायचं. भाडं त्या एका फेरीचं. नाखव्यांनी दोन अटी घातल्या: माणसं मोजकी, आणि फुगीर जाकीट प्रत्येकाच्या अंगात. २०२४च्या डिसेंबरात घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची वेगवान नौका धडकून माणसं गेली, त्यानंतर या जाकिटांबद्दल कुणी वाद घालत नाही, घालूही नये. माझ्याबरोबर माझे यजमान होते आणि त्यांच्या आत्या. आत्या मुर्ध्याच्या. त्यांच्या माहेरी मिठागरात राबणूक होती. नावेत बसायचं म्हटल्यावर त्यांनी नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि कुणाचा हात न धरता उतरल्या.

बंदराजवळच रो-रो बोटीचा धक्का आहे. २०२४च्या फेब्रुवारीत ती सेवा सुरू झाली. भाईंदर ते वसई रस्त्याने ३५ ते ४० किलोमीटर, पाण्यावरून जेमतेम साडेतीन. एवढा मोठा फरक आमच्या दाराशी पडून होता आणि पिढ्यान्‌पिढ्या आम्ही लांबचा वळसा घालत राहिलो. त्या बोटीत गाड्या चढताना पाहून मला खरंच आनंद होतो. पण ती ठरल्या धक्क्यावरून ठरल्या धक्क्यावर जाते. तिला मध्येच तिवरांजवळ थांब असं सांगता येत नाही.

आमची नाव पूर्वेला वळली आणि पाण्याने तिला मागून हात दिला. इंजिन हळू होतं, तरी काठ भरभर मागे जात होता. नाखवा म्हणाले, जुन्या लोकांकडे इंजिन कुठं होतं, ते असंच भरतीवर चढायचे आणि ओहोटीवर उतरायचे. मला कान्हेरीच्या लेण्यांतले शिलालेख आठवले. तिथे दान देणाऱ्यांत कल्याणचे आणि सोपाऱ्याचे व्यापारी आहेत. कल्याण या खाडीच्या वरच्या टोकाला, सोपारा तिच्या मुखाच्या उत्तरेला. दोन हजार वर्षांपूर्वीची ती माणसं याच पाण्याच्या वेळा सांभाळत ये-जा करत असणार. सतराव्या शतकात कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी तिथे गलबतं बांधायला घेतली, तेव्हा ती समुद्रात न्यायची तर पोर्तुगीजांच्या नजरेखालून न्यायची होती. शाळेत आरमाराचा धडा वाचताना खाडी किती रुंद असते, तिच्या दोन्ही काठांवरून किती स्पष्ट दिसतं, हे कळायला मार्ग नव्हता. पाण्याच्या पातळीवर बसलं की कळतं. इथून काहीही लपवून नेता येत नाही.

रेल्वेचे पूल आले. नाव पुलाखाली शिरते आणि वरून लोकल जाते तेव्हा तो आवाज कानांनी नव्हे, बसल्या फळीतून अंगात शिरतो. भाईंदर आणि नायगावच्या मध्ये, दोन पुलांच्या आधाराने, पाणजू बेट आहे. गाव आहे तिथे. घरं, देऊळ, शाळेत जाणारी मुलं. लोकलच्या दारात उभं राहून मी स्वतः कित्येक वर्षं या खाडीवरून गेले आहे, आणि गाडी पुलावर आली की आजूबाजूच्या बायका पिशवीतून निर्माल्य काढून पाण्यात टाकतात, हात जोडतात. श्रद्धेने टाकतात. पण गाडीच्या वेगात सुटलेला नारळ खाली पोचतो तेव्हा तो प्रसाद राहत नाही. पुलालगतच्या वाटेने चालणारी पाणजूची माणसं अशा नारळांनी जखमी झाली आहेत, एका तरुणाचा जीवही गेला आहे. वरून दिसतं ते नुसतं पाणी. खालून दिसतं ते गाव. आत्या पुलाकडे पाहत बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "देवाला द्यायचं तर खाली उतरून, हाताने द्यावं."

पुलांच्या पुढे खाडी मोकळी झाली आणि काठाने तिवरं सुरू झाली. भरतीचं पाणी त्यांच्या खोडांपर्यंत चढत होतं, चिखलातून वर आलेली श्वसनमुळं एकेक करून बुडत होती. चिखल उघडा होता तिथे निवट्या उड्या मारत होत्या. खंड्या बसला होता, बगळे होते, आणि कुठूनसा शेकाट्यांचा एक थवा उठून पुढच्या वळणावर जाऊन बसला. नाखव्यांनी इंजिन बंद केलं. त्यांनी सांगितलं ते मला पक्षीनिरीक्षणाच्या पुस्तकात मिळालं नसतं: तिवरांच्या या मुळांतच कोळंबीची आणि बोईटांची पिल्लं वाढतात, चिंबोरी इथेच बीळ करते, तिवर तुटलं की पुढच्या मोसमात जाळं हलकं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिवरतोडीला बंदी केली आणि २०१२ मध्ये राज्याच्या वनखात्यात कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष झाला. नावेतून पाहिलं तर या दोन गोष्टींचा उपकार डोळ्यांनी दिसतो. जिथे बंदी पाळली गेली तिथे काठ हिरवा आहे. जिथे रात्री भरावाचे डंपर रिकामे झाले तिथे पाण्याच्या कडेला विटांचा आणि टाइल्सचा पांढरा कडा उभा आहे.

आणि मग नाल्याचं तोंड. मीरा रोडचे आणि भाईंदरचे मोठे नाले याच खाडीला येऊन मिळतात. कालवे पाहायचे म्हणून मी निघाले होते. हेच ते. एके काळी ही खाजणातली ओढ्यांची जाळी होती, भरतीचं पाणी आत घ्यायची आणि ओहोटीला सोडून द्यायची. मिठागरांना समुद्र यांतूनच मिळायचा. आता त्यांना काँक्रीटच्या भिंती आहेत. काळं पाणी बाहेर येत होतं, खाडीचं मातकट पाणी आत रेटत होतं, आणि दोघांच्या मधली रेघ स्पष्ट दिसत होती. प्लास्टिकच्या पिशव्या त्या रेघेवर येऊन अडकल्या होत्या, पुढेही जात नव्हत्या आणि मागेही. वास होता, तो लपवण्यात अर्थ नाही. आत्यांनी पदर नाकाला लावला नाही. त्या काठाकडे बोट करून सांगत होत्या: इथून आत आगर, तिथे बांध, बांधावरून डोक्यावर मीठ घेऊन बायका पडावापर्यंत जायच्या, दुपारी पाय भेगाळायचे. त्यांनी दाखवलेल्या जागी आता उंच इमारती होत्या. त्यांच्या गॅलऱ्या, फाटकं, दुकानं सगळी रस्त्याकडे. खाडीकडे स्वयंपाकघरांच्या खिडक्या आणि सांडपाण्याचे पाइप. भाच्याच्या चित्रफितीतली घरं मला तिथे आठवली. फरक श्रीमंतीचा नाही. ज्या पाण्याकडे घराचं दार उघडतं त्यात माणूस सहज काही टाकत नाही.

पावसाळ्यात उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की मीरा रोडच्या रस्त्यांवर गुडघाभर पाणी साचतं. आम्ही पालिकेला बोल लावतो, काही वेळा रास्तच. पण नाल्याच्या तोंडाशी नावेत बसून चढतं पाणी आत घुसताना पाहिलं की साधी गोष्ट उमगते. खाडी भरलेली असताना शहराचं पाणी जाणार कुठे? वाट पाहायला त्याला जागा लागते. ती जागा खाजण होती.

वरसावे पुलाखालून गेलो तेव्हा वर वाहनांची रांग होती, आणि त्या रांगेतलं कुणीही खाली पाहत नव्हतं. पुलापलीकडे सगळं बदललं. उत्तरेला कामणकडचे डोंगर, राष्ट्रीय उद्यानाचा खाडीपारचा नागला भाग. दक्षिणेला उद्यानाचा मुख्य डोंगर, जिथून चेना नदी उतरून खाडीला मिळते. ज्या डोंगराची पाठ मी रोज काशीगावातून पाहते त्याचा हा चेहरा मला नवा होता. घोडबंदरचा किल्ला टेकाडावर दिसू लागला. पोर्तुगीजांचा किल्ला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला आणि दोन वर्षांनी, १७३९च्या मे महिन्यात, चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. रस्त्याने गेलं तर हा किल्ला गावाच्या गल्लीशेवटी भेटतो आणि इथे का बांधला असेल असा प्रश्न पडतो. नावेतून तो प्रश्न पडतच नाही. खाडी इथे वळते. वरून येणारा आणि खालून येणारा, दोन्ही इथून दिसतात.

किल्ल्याखाली पाणी भरलं. चढणंही नाही आणि उतरणंही नाही, अशी काही मिनिटं असतात. नाखव्यांनी नांगर टाकला, डब्यातून सुक्या जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी काढून सगळ्यांना दिली. भाड्याच्या नावेत नावाड्याच्या घरचं जेवण मिळतं, हे कुठल्या दरपत्रकात लिहिणार?

मी त्यांना विचारलं, असं फिरायला कोण येतं? कधीमधी पक्षी बघणारे, म्हणाले, एरवी कुणी नाही. मला याचं फार वाईट वाटतं. कल्याण-ठाणे-मुंबई जलमार्ग, उल्हास नदी आणि वसईच्या खाडीसह, २०१६च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाला आहे. १४५ किलोमीटरचा रस्ता, ज्यावर डांबर घालावं लागत नाही. ऐरोलीला वनखात्याने ठाणे खाडीत रोहित पक्षी पाहण्यासाठी बोटी सुरू केल्या, लोक रांगा लावून जातात. घोडबंदरला, भाईंदरला तसंच व्हावं. मोठे धक्के, तरंगती हॉटेलं नकोत. इथल्याच कोळी-आगरी माणसांच्या छोट्या नावा, तपासणी झालेल्या, परवाना दिलेल्या. बंदरावर एक फळा, आणि त्यावर आजची तिथी आणि भरती. शाळेची मुलं त्यातून आपल्या गावाचा नकाशा पाहतील. ज्या मुलाने नाल्याचं तोंड पाण्यावरून पाहिलं, त्याला पुढे स्वच्छतेवर निबंध लिहायला सांगावं लागणार नाही.

ओहोटी लागली. नाखव्यांनी नावेचं तोंड पश्चिमेकडे फिरवलं. आत्या मात्र मागे, गायमुखच्या दिशेला पाहत होत्या, जिथे खाडी डोंगराआड कल्याणकडे जाते. त्यांच्या आईचं माहेर तिकडचं. लहानपणी पडावातून गेल्याचं त्यांना अंधुक आठवतं. त्यांनी नाखव्यांना विचारलं, तिकडे नेणार का? ते म्हणाले, नेईन, पण मध्ये रेतीचे उंचवटे आहेत, उधाणाचंच पाणी लागेल, आणि एका दिवसात परत यायचं मनात धरू नका. मुक्कामाची तयारी हवी.

"मुक्काम करू," आत्या म्हणाल्या. "भाडं किती घेशील ते सांग."