सामाईक भिंग

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या पुण्यांतील एका संशोधनसंस्थेंत जीवपेशींचा अभ्यास करिते. गेल्या माघांत तिनें आम्हांस आपलें काम पाहावयास नेलें. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढील सारें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. यंत्रविद्येंत आमचा अधिकार तो काय! तथापि त्या दिवशीं जें पाहिलें तें वाचकांस सांगावेंसें वाटतें. कारण त्यांतील शेवटचा धडा यंत्राचा नव्हता.

तळमजल्यावरील एका काळोख्या खोलींत तो सूक्ष्मदर्शक होता. इतकें महाग उपकरण प्रत्येकास निराळें कोठून परवडणार? म्हणून साऱ्या संस्थेंत मिळून एक. ज्यानें त्यानें आपली वेळ आधीं नोंदवावयाची, काम होतांच भिंगें पुसावयाचीं आणि वहींत नोंद करून जागा मोकळी करावयाची. आम्हांस लहानपणच्या वाड्यांतील सामाईक जातें आठवलें. दळण झालें कीं जातें झाडून ठेवावें, हें तेथें कोणास सांगावें लागत नसे.

यंत्राचें तत्त्व पुतणीनें सांगितलें तें असें. पेशींतील हव्या त्या भागास चमकणारें द्रव्य जोडून त्यावर लेझरचा प्रकाश टाकितात. परंतु मग जाडींतील सर्वच थर चमकतात आणि वरखालच्या उजेडानें मधला थर धूसर होतो. म्हणून वाटेंत एक सूक्ष्म छिद्र ठेवावयाचें; ज्या थरावर भिंग रोखलें असेल त्याचाच प्रकाश त्यांतून येतो, इतरांचा बहुतेक अडतो. मात्र एका छिद्रानें एका वेळीं एकच बिंदु दिसतो, आणि चित्र पुरें होईतों जिवंत पेशींतील घडामोड पुढें निघून जाते. यावर उपाय फिरत्या तबकडीचा. जर्मनींत पाउल निपको यानें १८८४ सालीं दूरवर चित्रें पाठविण्यासाठीं सर्पिलाकार छिद्रांची तबकडी योजिली होती. तीच कल्पना १९६० नंतरच्या दशकांत चेकोस्लोव्हाकियांतील पेट्रान व हाद्राव्हस्की यांनीं सूक्ष्मदर्शकास लाविली. पुढें जपानी बनावटीच्या यंत्रांत सुमारें २०,००० छिद्रें आलीं, आणि प्रत्येक छिद्रांत प्रकाश एकवटणाऱ्या चिमुकल्या भिंगांची दुसरी तबकडी जोडिली गेली. दोन्ही मिळून मिनिटास हजारों फेरे घेतात. त्यामुळें कॅमेऱ्यास सारें चित्र एकदम मिळतें आणि पेशीसही प्रकाशाचा त्रास कमी होतो.

पुतणीची वेळ दोन ते पांच होती. चार दिवस जोपासलेल्या पेशी तिनें ३७ अंशांच्या उबदार पेटींत ठेविल्या आणि पडद्याकडे पाहिलें. सारें धुकेंच धुकें! तिनें भिंग काढून उजेडांत धरिलें. कांहीं भिंगांस तेलाचा थेंब लावावा लागतो, कांहीं कोरडींच वापरावयाचीं असतात. या कोरड्या भिंगावर तेल सुकून बसलें होतें.

आम्ही संतापलों. "कोण हा बेजबाबदार? वहींत नांव असेल, तक्रार कर," आम्ही म्हणालों. तिनें पानें मागें उलटलीं. मधल्या दोघांनीं तें भिंग वापरलेंच नव्हतें. त्याआधींचें, परवा संध्याकाळचें नांव तिचें स्वतःचें होतें. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, हें मींच केलें आहे. तेलाच्या भिंगानंतर काचपात्राचा तळ न पुसतां हें भिंग फिरविलें."

तिनें तें वहींत जसेंच्या तसें लिहिलें आणि देखरेख करणाऱ्या बाईंस बोलाविलें. आतां बोलणीं बसणार, असें आम्हांस वाटलें. बाईंनीं खास कागदानें भिंग पुसावयास घेतलें आणि एवढेंच म्हणाल्या, "सांगितलेंस तें बरें झालें. नाहीं तर पुढचे चार जण आपल्याच पेशी बिघडल्या असें समजून झुरत बसले असते." अर्ध्या तासानें काम सुरू झालें. काळ्या पडद्यावर एका पेशीच्या दोन होतांना आम्ही पाहिल्या.

परंतु परतीच्या वाटेवर आमच्या डोळ्यांपुढें निराळेंच दृश्य होतें. पस्तीस वर्षांपूर्वीं आमच्या शाळेंतील एकुलत्या एका सूक्ष्मदर्शकाच्या कपाटाची किल्ली आमच्याकडे असे. एका मुलाच्या हातून नळी फार खालीं जाऊन काचपट्टी फुटली व भिंगास ओरखडा पडला. तो स्वतः येऊन सांगता झाला. आम्हीं त्यास सहा छड्या मारिल्या आणि कपाटास कुलूप घातलें. त्यानंतर कोणींही मोडतोड केल्याचें आम्हांस सांगितलें नाहीं, आणि त्या भिंगांतून कोणीं कांहीं पाहिलेंही नाहीं. शिस्त लागली, असें आम्ही समजत होतों!

तो मुलगा आज पन्नाशीच्या घरांत असेल. त्यानें खरें सांगितलें होतें, आणि आम्हीं साऱ्या वर्गास खोटें बोलावयास शिकविलें. त्या बाईंचें एक वाक्य आम्हांस तेव्हां सुचलें असतें, तर त्या कपाटाचें कुलूप उघडें राहिलें असतें.